पांढरं जातं, खाज येते, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. पिशवी काढावी का?

प्रश्न थोडक्यात असा: वय 36, दोन मुलं, दोन्ही नॉर्मल डिलिव्हरी, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. दोन वर्षांपासून अधूनमधून अंगावरून पांढरं जातं. कधी वास येतो, कधी खाज. मेडिकलमधून चार गोळ्यांचं पाकीट बऱ्याचदा आणून घेतलं. थोडे दिवस बरं वाटतं, पाळी झाली की पुन्हा सुरू. दिवसातून दोनदा इंटिमेट वॉश आणि आठवड्यातून एकदा डेटॉलच्या पाण्यानं आतून धुणं चालू आहे. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, अशानं हाडं झिजतात. सोनोग्राफीत पिशवीला सूज दिसली म्हणून एका डॉक्टरांनी पिशवी काढायचा सल्ला दिला. काढावी का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तारीख ठरायच्या आत ते तुमच्यापर्यंत पोचलेलं बरं. नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढत नाहीत. जे जातं त्यातलं बहुतेक योनिमार्गातून आणि पिशवीच्या तोंडातून येतं. पिशवी काढली तरी योनिमार्ग जागेवरच राहतो आणि त्यातला बिघाडही. पिशवीसोबत अंडाशयं काढली तर छत्तिसाव्या वर्षीच पाळी गेल्यासारखी अवस्था होते, आणि मग कोरडेपणा, आग, वारंवार लघवीचा त्रास हे नव्यानं मागे लागतं.

रिपोर्टातल्या 'बल्की युटरस', म्हणजे मोठी दिसणारी पिशवी, या शब्दांनी तुमच्यासारख्या कितीतरी जणी घाबरून येतात. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असणं हे बहुधा नॉर्मल असतं. पाळीत फार रक्त जात नसेल, असह्य दुखत नसेल, तर त्या दोन शब्दांवर काहीही करायचं नसतं. असाच आणखी एक शेरा म्हणजे 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल'. पुष्कळदा ती जखम नसतेच. तोंडाच्या आतलं लालसर अस्तर थोडं बाहेर आलेलं असतं, तरुण वयात आणि बाळंतपणानंतर हे सर्रास दिसतं आणि त्यातून कॅन्सर होत नाही. कॅन्सरची शंका असेल तर त्याची वेगळी तपासणी आहे, ती करायची. नुसत्या डोळ्यांनी लाल दिसलं म्हणून पिशवी घालवायची नाही.

हे मी जरा कडक शब्दांत लिहिते, त्याला कारण आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याची प्रकरणं गाजली, तेव्हा 2019 मध्ये सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे 82 हजार बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. बऱ्याच जणी तिशी-पस्तिशीतल्या. पांढरं जाणं, पोटात दुखणं, पाळीत जास्त जाणं अशी आपल्या ओपीडीत रोज येणारी दुखणी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या होत्या. त्यातली पुष्कळ दुखणी गोळ्यांनी बरी झाली असती.

आता तुमच्या मूळ त्रासाकडे येते. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, पण तुम्हाला आजवर कोणी खालून तपासलं, असं त्यात कुठेच नाही. पोटावरून सोनोग्राफी झाली, गोळ्या झाल्या, ऑपरेशनचा सल्लाही झाला. नेमकं कशामुळे जातंय हे मात्र कोणी पाहिलं नाही. यात तुम्ही एकट्या नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये 650 बायका तपासल्या आणि 1989 मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. आता गावोगाव सोनोग्राफी सेंटरं झाली, पण टेबलावर झोपवून, नीट उजेडात, स्पेक्युलम लावून पाहायचा कंटाळा अजून आहे. डॉक्टरांनाही आहे आणि लाजेपोटी बायकांनाही. या तपासणीला पाच मिनिटं लागतात. स्पेक्युलम म्हणजे चोचीसारखं एक साधन, त्यानं आतला भाग आणि पिशवीचं तोंड दिसतं. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण अंग सैल सोडलं तर दुखत नाही.

आधी एक नीट समजून घ्या. अंगावरून थोडं पांढरं जाणं हा रोग नाही. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत प्रत्येक बाईला ते जातं. पाळीनंतर काही दिवस कोरडं असतं. महिन्याच्या मध्यावर, अंडं बाहेर पडायच्या सुमारास, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं पारदर्शक, दोन बोटांत धरलं तर तार सुटणारं जातं. पाळी जवळ आली की ते घट्ट आणि दुधट होतं. निकरवर वाळलं की पिवळसर डाग पडतो, तोही नॉर्मल. गरोदरपणात प्रमाण वाढतं. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर कितीही गेलं तरी औषध लागत नाही.

हाडं झिजायचं काय, ते सासूबाईंना सांगा. त्यात हाडातलं काहीच नसतं, शरीराची शक्तीही त्यातून जात नाही. थकवा, कंबरदुखी, पायात गोळे येणं हे खरं असतं, फक्त त्याचं कारण दुसरं असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे ओपीडीत 'पांढरं जातं आणि गळून गेल्यासारखं वाटतं' म्हणणारी बाई आली की निम्म्याहून अधिक वेळा तिचं हिमोग्लोबिन कमी असणारच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं घरात पिढ्यान् पिढ्या समजलं गेलं. तुम्ही हिमोग्लोबिन करून घ्या. 12 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू करा, त्यानं थकव्याला फरक पडेल.

योनिमार्ग स्वतःची काळजी स्वतः कसा घेतो, हे कळलं की तुमच्या बाबतीत काय बिनसलं असावं तेही कळेल. तिथं लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू असतात, दुधाला विरजण लावल्यावर जे काम करतात त्यांच्याच जातकुळीतले. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात एक प्रकारची साखर साठते. हे जिवाणू तिच्यापासून लॅक्टिक आम्ल बनवतात. त्यामुळे आतला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 3.8 ते 4.5 च्या दरम्यान, म्हणजे चांगला आंबट राहतो आणि बाहेरचे जंतू तिथं टिकत नाहीत. हे आम्ल कमी झालं की गडबड सुरू होते. आणि ते कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आतून धुणं. डेटॉल चांगला जंतू आणि वाईट जंतू असा भेद करत नाही. तुम्ही दर आठवड्याला रखवालदारांनाच हाकलून देताय, वास आला की आणखी धुताय, आणि त्यानं वास आणखी वाढतोय.

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून, म्हणजे वास, पाळीनंतर उसळणं, गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटणं, माझा पहिला संशय बॅक्टेरियल व्हजायनोसिसवर आहे. यात लॅक्टोबॅसिलस घटतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू फोफावतात. पातळ, राखाडी-पांढरं, सगळीकडे सारखं पसरलेलं जातं, आणि त्याला मासळीसारखा वास येतो. संबंधानंतर आणि पाळीत वास वाढतो, कारण वीर्य आणि रक्त दोन्ही अल्कधर्मी असतात. खाज मात्र फारशी नसते. याचं निदान महागडं नाही. पीएचची पट्टी लावायची, स्त्रावाचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून वास येतो का ते पाहायचं. पीएच 4.5 च्या वर, त्या थेंबानं वास येणं, सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी मढलेल्या पेशी आणि तो ठरावीक स्त्राव, या चारपैकी तीन गोष्टी जुळल्या की निदान पक्कं. 1983 पासून हीच पद्धत चालत आली आहे. तालुक्याच्या गावी बसूनही हे सगळं करता येतं.

औषध मेट्रोनिडाझोल 400 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्यायचं. आणि मधेच सोडायचं नाही. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून गोळ्या बंद करणाऱ्या बायकाच जास्त असतात. एवढं सगळं नीट करूनही निम्म्याहून अधिक बायकांना वर्षभरात हा त्रास परत होतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे परत झालं की 'आता पिशवीच खराब' असं मनात यायला नको. पूर्वी आम्ही नवऱ्याला औषध देत नव्हतो, कारण त्याचा फायदा दिसला नव्हता. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात एकच जोडीदार असलेल्या जोडप्यांमध्ये नवऱ्यालाही पोटातून गोळ्या आणि वरून लावायचं मलम दिलं, तर बायकोचा त्रास परत येण्याचं प्रमाण बरंच कमी झालं. वारंवार होणाऱ्या जोडप्यात हे करून पाहण्यासारखं आहे. यात कोणी कोणाला रोग 'आणून दिला' असा अर्थ मुळीच काढू नका. घरात भांडण लावायला हे वाक्य फार सोयीचं असतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता ते चार गोळ्यांचं पाकीट. त्यात साधारण फ्लुकोनॅझोल, अझिथ्रोमायसिन आणि सेक्निडाझोल असतात, म्हणजे बुरशी, जिवाणू, परजीवी सगळ्यांवर एकदम. कशामुळे होतंय ते न बघता सगळ्यावर मारा. थोडं बरं वाटतं, पण लॅक्टोबॅसिलस परत रुजत नाहीत, आणि अझिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकनंतर बुरशीला मोकळं रान मिळतं. तुमच्या बाबतीत कधी वास, कधी खाज हा पाठशिवणीचा खेळ त्यामुळेच चालला असण्याची दाट शक्यता आहे. सरकारी दवाखान्यातही स्त्रावासाठी हिरव्या रंगाचं किट मिळतं, तेही फुकट, पण ते तपासून आणि माहिती विचारून द्यायचं असतं. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आणि जननमार्गाच्या आजारांच्या विभागात, ही सोय आहे. नावावर जाऊ नका, तिथं लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्या जातात आणि माहिती गुप्त ठेवतात.

बुरशी, म्हणजे कॅन्डिडा, तिची ओळख खाज. रात्री झोप लागू न देणारी खाज, लघवी करताना बाहेरून आग, लाली, सूज, आणि फाटलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखं घट्ट पांढरं. वास नसतोच म्हटलं तरी चालेल. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतं. गरोदरपणात, अँटिबायोटिकनंतर, स्टेरॉइड चालू असताना आणि साखर वाढली की जास्त. क्लोट्रिमाझोलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी रात्री झोपताना योनीत ठेवली किंवा फ्लुकोनॅझोल 150 ची एक गोळी पोटातून घेतली की साध्या केसमध्ये काम होतं. गरोदर असाल तर फ्लुकोनॅझोल पोटातून घ्यायचं नाही, योनीत ठेवायच्या गोळ्याच सहा-सात रात्री वापरायच्या.

वर्षातून तीन-चार वेळा बुरशी होत असेल तर आधी साखर तपासायची. पुष्कळ बायकांचा मधुमेह पहिल्यांदा कळतो तो असा, खाजेच्या तक्रारीतून. आणि मधुमेह असलेल्यांनी स्वतःच्या गोळ्यांची नावं नीट वाचावीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या अलीकडे भरपूर लिहून दिल्या जातात. औषधं चांगली आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला फायदा करतात. पण त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि तिथं साखर आली की बुरशी व्हायची शक्यता वाढते. स्त्रीरोगतज्ज्ञ एकीकडे बुरशीचं औषध देतात, मधुमेहाचे डॉक्टर दुसरीकडे या गोळ्या देतात, आणि दोघांना एकमेकांचं माहीत नसतं. गोळ्या परस्पर बंद करू नका, दोघांच्या कानावर घाला.

तिसरा प्रकार ट्रायकोमोनास, हा एक परजीवी. हिरवट-पिवळं, कधी फेसाळ, घाण वास, आग. हा मात्र संबंधातून पसरतो, त्यामुळे नवऱ्यालाही औषध दिल्याशिवाय उपयोग नाही, आणि दोघांचं औषध पुरं होईपर्यंत संबंध टाळायचा. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणीही करून घ्यायची. तपासणी सुचवली म्हणजे संशय घेतला असं नाही.

खाजेबद्दल अजून थोडं, कारण सगळी खाज आतली नसते. 'आतून खाज येते' म्हणणाऱ्या बाईला जागा दाखवायला सांगितली की ती जांघेत बोट ठेवते. तिथं गोल, कडा लाल असलेला चट्टा असेल तर तो नायटा. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नायट्यानं अक्षरशः धुमाकूळ घातलाय, आणि त्याला मेडिकलमध्ये मिळणारी तीन-चार औषधं एकत्र केलेली मलमं मोठी कारणीभूत आहेत. त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते आणि आत बुरशी मजेत पसरत राहते. नळीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही लिहिलेलं असेल तर नायट्यावर ते लावू नका.

गंमत अशी की तेच क्लोबेटासोल एका आजारात लागतंच. लायकेन स्क्लेरोसस. पन्नाशीनंतरच्या बायकांत जास्त, पण लहान मुलींतही दिसतो. बाहेरच्या ओठांची कातडी पांढरी, पातळ, सुरकुतलेली होते, रात्रभर खाज. वर्षानुवर्षं बुरशी समजून औषध दिलं जातं. उपचार न केल्यास ओठ आक्रसतात, आणि थोड्या बायकांमध्ये त्या जागी कॅन्सरही होऊ शकतो. घरात कोणा वयस्क बाईला असा पांढरा पट्टा आणि खाज असेल तर तिला वेळ न घालवता दाखवा.

आता धुण्याचं. साधं पाणी, फक्त बाहेरून, दिवसातून एक-दोनदा. आत बोट, जेट, पिचकारी काही नको. कमोडच्या शेजारी जो हँडशॉवर असतो त्याची धार वरून खाली, बाहेरून जाऊ द्यायची, रोखून आत मारायची नाही. शौचानंतर पुढून मागे धुवायचं. मागचं पुढे आणलं की शौचाच्या जागेचे जंतू लघवीच्या वाटेत जातात. आणि धुतल्यावर मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं. याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. ओल्या अंगावर तशीच निकर चढवायची आणि दिवसभर खाजवत बसायचं, कोकणातल्या पावसाळ्यात तर हे घरोघरी.

इंटिमेट वॉशची गरज नाही. तुम्ही वापरता तो बंद करा. पीएच जुळवून दिलाय असं बाटलीवर लिहिलेलं असतं, पण बाहेरच्या कातडीचा पीएच आणि आतला पीएच वेगळे असतात, आणि आतला ठेवायला लॅक्टोबॅसिलस समर्थ आहेत. साबण वापरायचाच असेल तर सौम्य, बिनवासाचा, केसांच्या भागापुरता. सुवासिक वाइप्स, डिओ, वासाचे पॅड, हे सगळे नाजूक कातडीला आग लावायचे उद्योग आहेत. जागा घट्ट करणारी आणि उजळवणारी जेल तर मला चीड आणतात. तिथला रंग सावळा असणं नैसर्गिक आहे, आणि घट्टपणा मलमानं येत नाही. येते ती कोरडेपणामुळे आवळल्याची जाणीव, आणि मग संबंधात कातडी फाटते. तुरटीच्या पाण्याचंही तेच. लसणाची पाकळी आत ठेवून भाजलेल्या बायका मी पाहिल्यात. दही खा, चांगलं आहे. आत लावू नका.

केस काढावेत का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण पुढचा तोच असतो. ते काढणं स्वच्छतेसाठी गरजेचं नाही. कात्रीनं बारीक केले तरी पुरे. रेझरनं वारंवार काढले की पुटकुळ्या आणि आत वळलेले केस, आणि हेअर रिमूव्हल क्रीम त्या जागी भाजतं.

कपड्यांचं सांगायचं तर सुती निकर, रोज बदललेली, रात्री नसली तरी चालते. आपल्याकडे निकर वाळत घालायच्या त्या साडीखाली किंवा बाथरूममधल्या दोरीवर, कोणाला दिसू नये म्हणून. अर्धवट ओली निकर बुरशीला फार मानवते. उन्हात वाळवा. पाऊस असेल तर इस्त्री फिरवा. पाळीत पॅड चार ते सहा तासांनी बदला, कमी जात असलं तरी. कापड वापरत असाल तर त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते गार पाण्यात साबणानं धुऊन उन्हात कडक वाळलेलं असावं. मेन्स्ट्रुअल कप असेल तर बारा तासांच्या आत रिकामा करायचा.

तुम्हाला ऑपरेशनचा सल्ला मिळाला म्हणून घाबरून जाऊ नका, असं म्हणताना काही खुणांना मात्र घाबरायलाच हवं. संबंधानंतर रक्त जाणं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभरही रक्त दिसणं. याला बायका 'परत पाळी आली' म्हणून हसण्यावारी नेतात, तसं नेऊ नका. रक्तमिश्रित घाण वासाचं पाणी. ओटीपोटात दुखणं आणि सोबत ताप, विशेषतः कॉपर टी असताना किंवा नुकता गर्भपात झाल्यावर. गरोदरपणात अचानक पाण्यासारखं जाऊन कपडे भिजणं. आणि दहा वर्षांखालच्या मुलीला घाण वासाचं किंवा रक्त मिसळलेलं जाणं. लहान मुलीत बुरशी क्वचित असते. कधी जंत असतात, कधी खेळताना काही आत घातलेलं असतं, आणि कधी कोणी तिला त्रास दिलेला असतो. तिला एकटीला, न रागावता विचारणारी बाई डॉक्टर गाठा.

पाळी गेलेल्या घरातल्या मोठ्यांसाठी एक गोष्ट. इस्ट्रोजेन कमी झालं की अस्तर पातळ होतं, लॅक्टोबॅसिलस घटतात, आग होते, लघवीचं इन्फेक्शन वारंवार होतं. 'या वयात कसली तपासणी' म्हणून त्या सांगत नाहीत. इस्ट्रिऑलचं (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) मलम अगदी थोड्या प्रमाणात आठवड्यातून दोन-तीनदा लावलं तर खूप फरक पडतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं. खोबरेल तेलही चालतं, फक्त कंडोम वापरत असाल तर नाही, तेलानं तो फाटतो.

तुमच्या भेटीत पिशवीच्या तोंडाची कॅन्सर तपासणीही उरकून घ्या. तुमचं वय त्यासाठी योग्य आहे. याचा पुरावा आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख तीस हजारांवर बायकांवर मोठा अभ्यास झाला आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीनं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एचपीव्ही परवडत नसेल तर पॅप (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन बघतात ती) किंवा व्हिनेगर लावून पाहायची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मुलगी नऊ वर्षांची झाली असेल तर तिच्या एचपीव्हीच्या लसीचं विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वावॅक ही लस 2023 पासून बाजारात आहे.

जाताना एवढं करा. पाळी संपून चार-पाच दिवस झाल्यावर जा. आदल्या दोन दिवसांत आत गोळी, मलम, पाणी काही नको, संबंधही नको, नाहीतर स्लाइडवर काही कळत नाही. त्या दिवशी धुऊन-पुसून, अत्तर लावून येऊ नका. डॉक्टरांना जे आहे तेच दिसलं पाहिजे. तपासताना खोलीत नर्स किंवा तुमच्या सोबतची बाई असावी, हा तुमचा हक्क आहे, मागून घ्या. मधेच थांबा म्हणालात तर डॉक्टरांनी थांबलं पाहिजे. पीएच आणि स्लाइड करणार का, हे तोंडानं विचारा. 'करायची गरज नाही, गोळ्या लिहून देतो' असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना बघा.

निदान बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं निघालं तर सात दिवसांचा कोर्स पूर्ण करा, वॉश आणि डेटॉल आजपासूनच बंद, आणि तीन महिने आत काहीही नको. पहिले आठ-दहा दिवस वॉशशिवाय अस्वच्छ असल्यासारखं वाटेल, तेवढे काढा. तरीही तीन महिन्यांत दोनदा परत आलं तर नवऱ्याला सोबत घेऊन या. तेव्हा मेट्रोनिडाझोलचं जेल आठवड्यातून दोनदा, चार ते सहा महिने, असा लांबचा कोर्स द्यावा लागतो. पिशवीबद्दल जो सल्ला मिळालाय, तो कागदावर कारणासकट लिहून मागा आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. कारणाच्या जागी 'पांढरं जाणे' एवढंच लिहिलेलं असेल तर ऑपरेशनला नाही म्हणा.